स्थितिक वीज आणि कारागिराचा हात



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण बहुधा इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण अशा मोठ्या विषयांवर व्याख्याने ऐकता. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी लहान आहे. दाराच्या कडीला हात लावताच बोटाला जो बारीकसा चटका बसतो, त्या चटक्याविषयी मी बोलणार आहे. परंतु विषय लहान असला तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. आपल्या खिशातला मोबाइल, मुलांच्या अभ्यासाचा संगणक, दुचाकीचे इंजिन चालवणारी पेटी, रुग्णालयात खाटेशेजारी ठेवलेले नाडी मोजणारे यंत्र, या सर्वांच्या पोटात ज्या चिपा असतात त्या या चटक्याने मरतात. शिवाय त्या पुष्कळदा आपल्याला कळेल अशा रीतीने मरत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. ज्या शहरात शेकडो तरुणांचे पोट या यंत्रांच्या जुळणीवर आणि दुरुस्तीवर चालते, त्या शहराने या विषयाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही, असे मला वाटते.

प्रथम ही वीज कोणती ते पाहू. तारेतून वाहणारी वीज आपल्याला परिचित आहे. तिचे बिल दरमहा घरी येते. जी एका जागी साठून राहते ती स्थितिक वीज. दोन पदार्थ एकमेकांना चिकटून मग अलग झाले, की एकाच्या पृष्ठावरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात. पहिला धनप्रभारित होतो, दुसरा ऋणप्रभारित. घासण्याने हा स्पर्श वाढतो, म्हणून घर्षणाने वीज निर्माण होते असे आपण शाळेत शिकलो. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला तर कपटे उडून चिकटतात, हा प्रयोग आपणांपैकी प्रत्येकाने केलेला आहे.

हे ज्ञान फार जुने आहे. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस याला घासलेला तृणमणी हलके पदार्थ ओढून घेतो हे ठाऊक होते असे सांगतात, आणि तृणमण्याच्या ग्रीक नावावरूनच पुढे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने 1600 साली विजेसाठी शब्द घडवला. परंतु आपला संस्कृत शब्दच पाहा ना. तृणमणी, म्हणजे गवताची काडी ओढणारा मणी. फारसीत त्याला कहरुबा म्हणतात. काह म्हणजे गवत, आणि रुबा म्हणजे ओढून नेणारा. त्याच शब्दावरून अरबीत आजही विजेला कहरबा म्हणतात. ज्या शहरात मराठी, उर्दू आणि दखनी एकाच गल्लीत नांदतात, त्या शहराला स्थितिक विजेची ओळख दोन बाजूंनी झालेली आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता ही वीज आपल्याकडे इतकी का जाणवते? त्याचे उत्तर आपल्या हवेत आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर मराठवाड्याची हवा कोरडी. उन्हाळ्यात दुपारी आपल्या जिल्ह्यातली सापेक्ष आर्द्रता सामान्यतः 20 ते 25 टक्क्यांवर येते. मुंबईकर घामाने हैराण होतो त्या वेळी आपले ओठ फुटत असतात. हवेत ओलावा असला की प्रत्येक वस्तूच्या पृष्ठावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो, आणि त्या थरावरून प्रभार हळूहळू निघून जातो. कोरड्या हवेत हा मार्गच बंद होतो. या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे आकडे असे आहेत: माणूस गालिच्यावरून चालत गेला, तर 65 टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत त्याच्या अंगावर सुमारे 1,500 व्होल्ट साठू शकतात, आर्द्रता 10 ते 25 टक्के असेल तर तोच आकडा 35,000 व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. कामाच्या मेजावरून साधी पॉलिथीनची पिशवी उचलली तरी कोरड्या हवेत 20,000 व्होल्ट निर्माण होऊ शकतात.

हे आकडे ऐकून कोणी दचकेल. घरातली वीज 230 व्होल्टची, ती माणसाला मारते. मग 20,000 व्होल्टने आपण जिवंत कसे राहतो? याचे कारण असे, की दाब मोठा असला तरी साठा अत्यल्प असतो. मनुष्यदेहाची विद्युतधारिता सुमारे 100 पिकोफॅरड धरतात. दहा हजार व्होल्टपर्यंत भारलेल्या देहातली ऊर्जा काढली तर ती पाच सहस्रांश ज्यूल भरते. एक ग्रॅम वजन जमिनीपासून अर्धा मीटर उचलायला जितकी शक्ती खर्च होते तितकीच ही. उंचावर ठेवलेल्या चमचाभर पाण्यासारखी तिची गत आहे. उंची मोठी, पाणी थोडे. एवढ्याने माणसाचे काही बिघडत नाही. पण तेच पाणी मुंगीच्या वारुळात ओतले तर काय होईल याचा विचार करावा.

चिप म्हणजे असेच एक वारूळ आहे. 1959-60 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डावॉन कांग यांनी एका नव्या जातीचा ट्रान्झिस्टर तयार केला. आजच्या जवळजवळ सर्व चिपा त्याच जातीच्या ट्रान्झिस्टरांनी भरलेल्या आहेत. या ट्रान्झिस्टरात सिलिकॉनवर काचेसारख्या ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि त्या पापुद्र्यावरच्या दाबाने खालचा प्रवाह चालू-बंद होतो. हा पापुद्रा दर नॅनोमीटर जाडीमागे साधारण एक व्होल्ट सोसतो. पाच नॅनोमीटरचा पापुद्रा असेल, तर पाच-सहा व्होल्टच्या पुढे तो फुटतो. पाच नॅनोमीटर म्हणजे किती? आपल्या डोक्याचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे पंधरा हजार भाग करा. त्यातला एक भाग. आता या पापुद्र्यासमोर कंगव्याचे हजारो व्होल्ट उभे करा. बांध फुटल्यावर पाणी जसे एकाच भगदाडातून धावते, तसा सारा प्रवाह एका सूक्ष्म छिद्रातून धावतो आणि तिथले द्रव्य वितळवतो. तीन हजार व्होल्ट भारलेल्या बोटातून क्षणभर दोन अँपिअरचा प्रवाह निघतो. तो एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. पण चिपेच्या दृष्टीने तेवढा काळ पुरेसा आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. माणसाच्या बोटाला चटका जाणवतो तो सुमारे तीन हजार व्होल्टपासून पुढे. पुष्कळसे सुटे भाग त्याच्या कितीतरी खालीच बिघडतात, काही तर शंभर व्होल्टच्या आतच. म्हणजे तीन हजारांच्या खालचा सारा प्रदेश आपल्या इंद्रियांना अगोचर आहे. तिथे ठिणगी दिसत नाही, आवाज येत नाही, चटका बसत नाही. आणि चिप मात्र मेलेली असते. "मला तर काही झटका बसला नाही" ही साक्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

याहून वाईट गोष्ट अशी, की कित्येकदा चिप मरत नाही, जखमी होते. पापुद्र्याला तडा जातो, तार अर्धवट वितळते, आणि तरीही यंत्र चालू राहते. गिऱ्हाईक पैसे देऊन समाधानाने घरी जाते. महिन्या-दोन महिन्यांनी यंत्र मधूनमधून बंद पडू लागते. गिऱ्हाईक परत येते, भांडते. दुकानदार म्हणतो, मालच खराब आला होता. घाऊक व्यापारी म्हणतो, तुम्हीच नीट बसवला नाही. तिघेही प्रामाणिक असतात आणि तिघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडतो. ज्याने नुकसान केले त्याला ते केल्याचे कळलेले नसते. चोरी झाली तर पोलीस ठाण्यात जाता येते. या नुकसानीची फिर्याद कोणाविरुद्ध लिहायची? आणि हीच जखमी चिप दवाखान्यातल्या यंत्रात असेल तर प्रश्न पैशापुरता उरत नाही.

आता मी एका आक्षेपाकडे वळतो, कारण तो वारंवार ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. पैठण गेटच्या परिसरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या एखाद्या अनुभवी कारागिराला हे सारे सांगितले, तर तो हसून म्हणेल, "साहेब, वीस वर्षं झाली या धंद्यात. हाताला पट्टा बांधला नाही की खाली चटई अंथरली नाही. रोज पंधरा-वीस सेट उघडतो. कुठं काय झालं?" असे म्हणणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. त्याच्या अनुभवात तथ्य आहे. प्रश्न एवढाच, की त्या अनुभवाचे कारण काय?

पहिले कारण असे, की चिप बनवणाऱ्यांनीच तिच्या बाहेरच्या पायांपाशी संरक्षक डायोड बसवलेले असतात. ते पुष्कळ चिपांना हजार-दोन हजार व्होल्टपर्यंत तारून नेतात. शिवाय पट्टीवर बसवलेली चिप सुट्या चिपेपेक्षा बरीच सुरक्षित असते. दुसरे कारण मी वर सांगितलेच. जे जखमी होऊन गेले त्यांची नोंद त्याच्या हिशेबात नाही. पण तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपली जुनी राहणी नकळत या विजेचा बंदोबस्त करीत होती.

पाहा. पूर्वीचा कारागीर सुती सदरा-पायजमा घालून, अनवाणी, शहाबादी फरशीवर नाहीतर सारवलेल्या जमिनीवर बसून काम करी. सुती कापड ओलावा धरते, ते फारसे भारले जात नाही. अनवाणी पायातून आणि फरशीतून अंगावरचा प्रभार सावकाश जमिनीत उतरून जाई. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा ताट्या नाहीतर कूलर; त्याने खोलीत ओलावा राही. कोणी नियम म्हणून हे केले नव्हते. गरज आणि ऐपत यांनी ते करविले होते. आजची स्थिती काय आहे? अंगात पॉलिएस्टरचा शर्ट, पायांत जाड रबरी तळाचे बूट, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, बसायला प्लास्टिकची खुर्ची, मेजावर सनमायका, आणि खोलीत कूलरच्या जागी वातानुकूलक. कूलर हवेत ओलावा घालतो, वातानुकूलक हवेतला ओलावा काढून घेतो. माणूस जमिनीपासून पुरता तुटला. त्याच वेळी चिपांचे पापुद्रे मात्र वर्षागणिक पातळ होत गेले. म्हणजे एका बाजूने शत्रू बलवान झाला आणि दुसऱ्या बाजूने तटबंदी ढासळली. गेल्या वीस वर्षांचा अनुभव पुढच्या वीस वर्षांना लागू पडेल असे म्हणूनच म्हणता येत नाही.

या शहराच्या उद्योगांना हा प्रश्न नवा आहे असेही नाही. 1889 साली इथे कापसाची गिरणी निघाली. कोरड्या हवेत सूत कातताना धागे भारले जातात, एकमेकांपासून फाकतात, यंत्राला चिकटतात आणि तुटतात. म्हणून सूतगिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. ओलाव्याने स्थितिक वीज शमते, हा धडा गिरणीधंद्याने चिप जन्माला येण्यापूर्वी कित्येक वर्षे गिरवला होता. रेशीम आणि सूत यांचे मिश्रण असलेला आपला हिमरू विणणाऱ्यांनाही कोरड्या दिवसांतले रेशीम कसे अंगचटीला येते हे सांगावे लागत नाही. पुढे पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच तयार होऊ लागले. ती कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण त्या काळच्या जाड काचेच्या दूरचित्रवाणी संचासमोर हात नेला की अंगावरचे केस उभे राहत आणि तडतड आवाज येई, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या काचेच्या नळीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असे, आणि त्याचाच प्रभार काचेवर उतरलेला असे. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे वाहनांचे आणि विजेच्या उपकरणांचे कारखाने आहेत, आणि बिडकीनकडे विजेवर चालणाऱ्या वाहनांचा उद्योग येऊ घातला आहे. विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारची, पूर्वी सीईडीटीआय आणि आज नायलिट या नावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रॉनिक्स शिक्षणाची संस्था आहे. मोठ्या कारखान्यांत स्थितिक विजेविरुद्धचे नियम कडक असतात. शिकलेली मुले तिथून बाहेर पडून आपले छोटे दुकान काढतात, तेव्हा ती शिस्त भाड्याच्या गाळ्यात टिकत नाही. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मग करावे काय? उपायांचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: माणूस, मेज, हत्यारे आणि काम, या सर्वांना एकाच विद्युतपातळीवर आणावे. ज्यांच्यात पातळीचा फरक नाही त्यांच्यात ठिणगी पडत नाही. विहिरीतले पाणी आणि मोटेतले पाणी एका पातळीला असले तर ते सांडणार कुठे?

पहिले साधन म्हणजे मनगटाला बांधायचा पट्टा. त्याच्या आतला वाहक भाग कातडीला टेकतो आणि त्याची तार अर्थिंगला जोडतात. तारेत दहा लाख ओहमचा एक रोध असतो. हा रोध कशासाठी? चुकून 230 व्होल्टच्या तारेला हात लागला, तर या रोधामुळे पट्ट्यातून एक सहस्रांश अँपिअरच्या पाव भागाहून कमी प्रवाह जातो आणि माणूस वाचतो. उलट अंगावरचा स्थितिक प्रभार त्याच रोधातून डोळ्याचे पाते लवायच्या आत निघून जातो. म्हणून कोणीही पैसे वाचवण्यासाठी साधी उघडी तार मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडू नये. ते यंत्राचे रक्षण आणि माणसाचा घात होईल. जुना काचनळीचा दूरचित्रवाणी संच, मायक्रोवेव्ह भट्टी किंवा चालू विजेवरचे कोणतेही काम करताना तर पट्टा काढूनच ठेवावा. बाजारात बिनतारेचे पट्टेही विकतात. ज्या पट्ट्याला तार नाही त्यातला प्रभार जाणार कुठे? ते घेऊ नयेत.

दुसरे साधन मेजावरची चटई. ती साध्या रबराची चालत नाही. प्रभार सावकाश वाहून नेणारी खास चटई मिळते, तीही अर्थिंगला जोडावी लागते. तिसरी गोष्ट सोल्डरिंगची इस्त्री. पुष्कळ दुकानांत दोन पिनांच्या स्वस्त इस्त्र्या वापरतात. त्यांच्या टोकावर मुख्य विजेची थोडी गळती असते आणि ती थेट चिपेच्या पायात उतरते. ही स्थितिक वीज नव्हे, पण चिपेला मारण्याचे काम तीही करते. टोक अर्थिंगला जोडलेली, तीन पिनांची इस्त्रीच घ्यावी. तसेच दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखे होते. ती चार्जरमधल्या धारित्रांतून झिरपणारी वीज आहे. असा संच चार्जरपासून सोडवल्यावाचून कधीही उघडू नये.

चौथी गोष्ट माल ठेवण्याची. गुलाबी पिशवी स्वतः भारली जात नाही, एवढाच तिचा गुण. बाहेरून येणारी ठिणगी ती अडवत नाही. रुपेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो, ती आतल्या मालाभोवती ढालीसारखी उभी राहते. सुट्या चिपा आणि पट्ट्या रुपेरी पिशवीतच ठेवाव्यात. पिशवीच्या आत ठेवाव्यात, तिच्यावर ठेवून चालू करू नयेत, कारण बाहेरच्या थरातून जोड लागण्याचा संभव असतो. पाचवी गोष्ट म्हणजे मेजावरून थर्मोकोल, पॉलिथीनच्या पिशव्या, चिकटपट्टीचे रीळ, प्लास्टिकचे पेले यांची हकालपट्टी. हे पदार्थ रोधक आहेत. त्यांना अर्थिंगला जोडून उपयोग नाही, कारण त्यांच्यातून प्रभार वाहतच नाही. आणि त्यांनी चिपेला स्पर्शही करायला नको. भारलेला थर्मोकोल नुसता जवळ आणला तरी चिपेतले इलेक्ट्रॉन एका बाजूला सरतात, आणि त्याच क्षणी चिप धातूला टेकली की ठिणगी पडते. कारखान्यांत अशा ठिकाणी आयनयुक्त हवेचा झोत सोडतात. दुकानदाराने त्या वस्तू हातभर दूर ठेवल्या तरी पुष्कळ झाले.

खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. चैत्र-वैशाखात ती मोजण्यासाठी एक लहान मापक भिंतीला टांगावा. त्याची किंमत फार नसते. मात्र ओलाव्यावरच विसंबून पट्टा सोडू नये, आणि पाणी शिंपडून विजेच्या मेजाजवळ नवा धोकाही ओढवून घेऊ नये.

परंतु, श्रोतेहो, हे सारे उपाय ज्या एका गोष्टीवर उभे आहेत तिच्याकडेच आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष आहे. ती म्हणजे अर्थिंग. आपल्या पायाखाली काळा पाषाण आणि मुरूम आहे. कोरडा मुरूम विजेला वाट देत नाही. त्यात नुसती सळई ठोकून अर्थिंग होत नाही. रीतसर खड्डा करून, नळी किंवा पत्रा उभा करून, भोवती कोळसा आणि मीठ भरून, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे लागते. किती इमारतींत बांधकामानंतर त्या खड्ड्यात कोणी तांब्याभर पाणी घातले आहे? जुन्या वस्तीतल्या कित्येक घरांत आणि गाळ्यांत तीन पिनांच्या खोबणीतले वरचे मोठे छिद्र नुसते शोभेला असते, त्यामागे तारच नसते. काही ठिकाणी तर ती तार न्यूट्रलला जोडून ठेवतात. हा प्रकार प्राणघातक आहे. न्यूट्रल कुठे तुटली, की अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक धातूत जिवंत वीज उतरते. पूर्वी लोक नळाच्या लोखंडी पाइपाला तार बांधत. आता नळ प्लास्टिकचे झाले, तोही आधार गेला. म्हणून पट्टा विकत घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून आपले अर्थिंग मोजून घ्यावे. पट्ट्याचे पैसे वाया जातील ही भीती त्यामानाने लहान आहे. चांगल्या अर्थिंगने घरातल्या माणसांचे जीव वाचतात.

जे दुकानदार नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. घरी संगणकात मेमरीची पट्टी बदलायची असेल, तर प्रथम वायर काढावी. लॅपटॉप असेल आणि बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढावी. नायलॉनचा किंवा लोकरीचा कपडा अंगावर नसावा. संगणकाच्या डब्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, आणि काम चालू असताना मधूनमधून पुन्हा लावावा. पट्टी कडांना धरावी, सोनेरी दातांना बोट लावू नये. कोरड्या कापडाने ती पुसू नये, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये. त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी धूळ घासून चांगलीच वीज तयार होते. एवढे केले की सामान्य माणसाचे काम भागते.

ही ठिणगी चिपेपुरतीच थांबत नाही हेही सांगितले पाहिजे. 6 मे 1937 रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग नावाचे हायड्रोजनने भरलेले जर्मन आकाशयान उतरता उतरता जळून खाक झाले. स्थितिक विजेची ठिणगी हेच त्याचे कारण असावे, असे बहुतेक जाणकार मानतात. आपल्या रोजच्या जीवनातले उदाहरण पेट्रोलचे. प्लास्टिकचा डबा गाडीत ठेवूनच त्यात पेट्रोल भरणे धोक्याचे आहे. वाहत्या पेट्रोलाने डबा भारतो आणि त्याला जमिनीची वाट नसते. इंधनासाठी मान्य असलेला डबा जमिनीवर ठेवून मगच भरावा. मे महिन्याच्या दुपारी तर हे विशेष पाळावे.

अमेरिकेत या एका विषयासाठी 1982 साली स्वतंत्र संघटना स्थापन झाली, आणि त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही आज उपलब्ध आहे. आपल्याला तेवढे अवडंबर नको. पण दुरुस्तीच्या दुकानदारांच्या संघांनी एकत्र येऊन चार गोष्टी ठरवाव्यात असे मला सुचवावेसे वाटते: मोजलेले अर्थिंग, तीन पिनांची इस्त्री, पट्टा आणि चटई, आणि रुपेरी पिशवीतला माल. ज्या दुकानात या चार गोष्टी आहेत त्याने तशी पाटी लावावी. आपणही आपला मोबाइल उघडायला देताना प्रेमाने विचारावे, "भाऊ, हाताला पट्टा आहे ना?" गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार ऐकू लागतो. बाजारात सुधारणा पुष्कळदा याच वाटेने आली आहे.

कारागिराचा हात हे आपल्या शहराचे जुने भांडवल आहे. हिमरू विणणाऱ्यांचा हात, बिदरीवर चांदी जडवणाऱ्यांचा हात, गिरणीत तुटका धागा जोडणाऱ्याचा हात. आजचा तरुण भिंगाखाली मोहरीहून लहान भाग बसवतो तोही त्याच परंपरेतला हात आहे, आणि त्याचे कौशल्य कुठेही उणे नाही. त्या हाताकडून नकळत होणारे नुकसान थांबवायला थोडी माहिती, थोडी शिस्त आणि थोडा खर्च लागतो. हा खर्च एका बिघडलेल्या मोबाइलच्या भरपाईहून अधिक नाही. माझ्यानंतर आपण घरी जाल तेव्हा आपल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे एकदा नजर टाकावी, आणि तो कोरडा असेल तर दोन बादल्या पाणी घालावे, एवढी विनंती करतो.